उघडी बंदूक

राजस्थानातील भरतपूर येथे केवलादेव या नावाचे जे पक्षी-उद्यान आहे, त्यात महादेवाच्या जुन्या देवळाजवळ काही कोरीव शिला उभ्या आहेत. त्यांवर कोणाच्या विजयाची प्रशस्ती नाही, की कोणाच्या दानधर्माची नोंद नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या पाहुण्याच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी मारले, याचा तो जमाखर्च आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, अशी नोंद तेथे वाचावयास मिळते. १९८५ साली या उद्यानाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. आता त्या शिलांपुढे उभा राहणारा प्रवासी तो आकडा वाचून काही वेळ स्तब्ध होतो.

पण त्या आकड्यांकडे पाहताना आणखी एक विचार मनात येण्यासारखा आहे. पहाटेचे धुके, गुडघाभर पाणी, वेतांची आणि गवताची बेटे, आकाशात चहूबाजूंनी उठलेले थवे, आणि त्यांच्याखाली हातात भरलेल्या बंदुका घेतलेली अनेक माणसे. अशा गर्दीत बंदुकीचा रोख पक्ष्यावरून ढळून शेजाऱ्यावर जाण्यास कितीसा अवधी लागणार? पक्ष्यांची संख्या शिलेवर कोरता येते. परंतु सर्व सोबती संध्याकाळी धडपणे घरी परतले, हे ज्या शिस्तीमुळे घडते तिची नोंद कोठेच होत नाही. ती शिस्त कोणती, आणि ती कशी उत्पन्न झाली, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

भारतात बदकांची शिकार आता इतिहासजमा झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी हौशी शिकारही संपुष्टात आणली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे थापटे, चक्रवाक आणि तलवार बदके आज केवळ दुर्बिणीतून न्याहाळली जातात, आणि तेच योग्य आहे. तथापि शिकार इतिहासजमा झाली तरी बंदूक तशी झालेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना घेऊन जपलेली, आजोबांकडून नातवाकडे आलेली दुनळी बंदूक आजही अनेक घरांत आहे. नेमबाजीच्या मैदानांवर ती रोज वापरात आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ज्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तीत एकाच वेळी उडविलेल्या मातीच्या दोन तबकड्या दुनळी बंदुकीच्या दोन बारांनी फोडावयाच्या असतात. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत तर बदकांची शिकार कायद्याच्या चौकटीत आजही चालते. म्हणून बदकांच्या पाणथळीवर ठरून गेलेले हे नियम, ज्याच्या घरी बंदूक आहे अशा प्रत्येकाला उपयोगी पडणारे आहेत.

दुनळी बंदुकीची रचना मुळात सोपी आहे. पोलादाच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी किंवा एकावर एक जोडलेल्या असतात आणि त्या दस्त्याच्या पुढे एका बिजागरीवर बसविलेल्या असतात. वरची कळ अंगठ्याने बाजूस सारली, की नळ्यांची तोंडे खाली झुकतात आणि मागील बाजू उघडी पडते. तेथे प्रत्येक नळीत एकेक काडतूस सारावयाचे व बंदूक मिटवावयाची. 'बारा बोअर' ही संज्ञा सर्वांच्या कानावरून गेलेली असते. तिचा अर्थ असा, की नळीच्या आतील व्यासाएवढ्या शिशाच्या गोळ्या ओतल्या, तर अशा १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. बदकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका काडतुसात शंभर-दोनशे बारीक छर्रे असतात. पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत त्यांचा नेम उपयोगाचा. पण त्यांचा प्रवास तेथेच संपत नाही. एखादा चुकार छर्रा दोनशे मीटरांच्याही पलीकडे जाऊन पडतो. शिकाऱ्याची नजर चाळीस मीटरांवरील पक्ष्यावर खिळलेली असते. त्याची जबाबदारी मात्र त्याच्या पाचपट अंतरापर्यंत पसरलेली असते.

या बंदुकीचा इतिहास पाहिला, तर तिच्यातील धोका प्रत्येक पिढीत रूप पालटून आलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदूक पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून, भरावी लागे. इंग्लंडमधील ख्यातनाम पाणपक्षी-शिकारी कर्नल पीटर हॉकर यांनी १८१४ साली तरुण शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शनपर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच काळातला. एक नळी उडवून झाली, की ती पुन्हा भरण्यासाठी शिकारी बंदूक उभी धरून तिच्या तोंडाशी हात नेई. त्या वेळी शेजारची नळी भरलेलीच असे, आणि तिचा घोडा उतरविण्यास तो विसरला असेल, तर तिच्या तोंडासमोर त्याची स्वतःचीच बोटे असत. पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रेंच कारागीर लफोशो याची तशी बंदूक लोकांनी पाहिली, आणि हळूहळू तीच पद्धत रूढ झाली. या बंदुकांचे घोडे बाहेर असत. घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे शेजाऱ्यालाही नुसत्या दृष्टिक्षेपात कळे.

१८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यातील अ‍ॅन्सन व डीली या दोघांनी आतील घोड्यांच्या रचनेचे पेटंट घेतले. आता बंदूक उघडली, की नळ्यांच्याच तरफेने आतले घोडे आपोआप चढू लागले. बंदूक देखणी झाली, झटपट चालू लागली. परंतु तिच्या पोटात काय दडले आहे, हे बाहेरून कळेनासे झाले. मिटलेली दुनळी बंदूक भरलेली असो वा रिकामी असो, दोन्ही स्थितींत सारखीच दिसते. अनर्थाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

यावर तोड म्हणून दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली, एक खटका बसविण्यात आला. तो मागे ओढला, की बंदूक 'सुरक्षित' झाली, असे मानले जाते. नवख्या माणसाचा सारा विश्वास या खटक्यावर असतो, आणि तो अस्थानी असतो. पुष्कळशा बंदुकांत हा खटका केवळ चाप अडवून धरतो. आतील घोडा ज्या चिमुकल्या खाचेत अडकलेला असतो, त्या खाचेवर त्याची काही सत्ता चालत नाही. खाच झिजलेली असेल आणि बंदूक दगडावर आपटली, तर खटका मागे असतानाही घोडा निसटू शकतो. काही उत्तम बंदुकांत असा निसटलेला घोडा मध्येच अडविणारी दुसरी योजना असते, पण ती असली तरी तिच्या भरवशावर कोणी जाणता शिकारी राहत नाही. खटका ही उपयुक्त वस्तू खरी, पण ती चौकीदार आहे, भिंत नव्हे.

मग भिंत कोणती? तिचे उत्तर बंदुकीच्या रचनेतच आहे. बिजागरीवर झुकवून उघडी ठेवलेली बंदूक उडू शकत नाही. तिच्या दोन नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो, आणि तो उजेड जसा धरणाऱ्याला दिसतो तसाच तो जवळच्या माणसालाही दिसतो. 'ही रिकामी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा' असे तोंडाने सांगण्याची पाळीच येत नाही. म्हणून जेथे चार माणसे एकत्र येतात तेथे बंदूक उघडी असावी, हा या विद्येतील पहिला शिष्टाचार होय. एकाने दुसऱ्याच्या हाती ती देताना आधी उघडून, आतील पोकळी दाखवून, दस्ता पुढे करून द्यावी. घेणाऱ्यानेही, देणारा प्रत्यक्ष आपला वडील भाऊ असला तरी, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून मगच ती घ्यावी. यात अविश्वास नाही. पैसे मोजून देणाऱ्याने व मोजून घेणाऱ्याने जसा राग मानू नये, तसेच हे आहे.

हा शिष्टाचार प्रत्यक्षात कसा पाळला जातो, हे पाहण्यासाठी जेथे बदकांची शिकार आजही चालते अशा एका ठिकाणाकडे वळणे इष्ट होईल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायर व नॉरफोक या परगण्यांच्या मध्ये, वॉश नावाचे उथळ आखात आहे. भरतीच्या पाण्याने कापलेले चिखलाचे ओहोळ आणि खारट गवताची सपाटी, असे त्याच्या काठाचे रूप. सप्टेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या २० तारखेपर्यंत किनाऱ्याच्या या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बदके मारण्यास तेथील कायद्याने मुभा आहे. उजाडण्यापूर्वी बदके समुद्रावरून जमिनीकडे किंवा जमिनीवरून समुद्राकडे जातात, म्हणून शिकारी काळोखातच घर सोडतो.

गाडीतून बंदूक काढताना तो तिचे तोंड कधी आपल्याकडे ओढून घेत नाही. ती म्यानातून काढताच प्रथम उघडतो आणि उघडीच हातावर टाकून चालू लागतो. काडतुसे अजून खिशातच असतात. वाटेत ओहोळ लागला, कुंपण लागले, घसरडा बांध लागला, की तेथे भरलेली बंदूक घेऊन जावयाचे नाही, हा नियम त्याने केव्हाच अंगी बाणविलेला असतो. पाय घसरून तो पडलाच, तर उठल्यावर पहिले काम कपडे झटकण्याचे नसून नळ्यांतून आरपार पाहण्याचे असते. नळीच्या तोंडात मूठभर चिखल, बर्फ किंवा गवताचा बोळा अडकला असेल आणि बार उडाला, तर दारूच्या वायूला वाट मिळत नाही. नळी फुगते किंवा फुटते, आणि ती फुटते तेथे बहुधा शिकाऱ्याचा पुढचा हात असतो.

ठरलेल्या जागी पोहोचल्यावर, शेजारी कोठे बसला आहे हे एकमेकांना सांगून झाल्यावरच बंदूक भरावयाची. मिटवितानाही एक पद्धत आहे. नळ्या वर उचलून बंदूक मिटवू नये, तर नळ्यांचे तोंड जमिनीकडे ठेवून दस्ता वर आणून मिटवावी. मिटता मिटता काही बिघाडाने बार उडाला, तर तो मातीत जाईल, माणसात नाही. बोट चापावर ठेवावयाचे ते बंदूक खांद्याला लागल्यावर. थंडीने बधिर झालेल्या किंवा जाड हातमोज्यातील बोटाला चापाचा स्पर्श कळत नाही, हे तर विशेष लक्षात ठेवावे लागते.

आता दुनळी बंदुकीचा खास असा धोका येतो. बदकांची जोडी डोक्यावरून जाते. शिकारी पहिला बार उडवितो. आवाज, धूर, पाण्यात पडणारा पक्षी, धावत सुटणारा कुत्रा! साऱ्यांचे लक्ष तिकडे जाते. दुसरा पक्षी दूर गेलेला असतो, म्हणून दुसरा बार उडवावयाचा राहून जातो. त्या क्षणी शिकाऱ्याच्या मनाने बंदूक रिकामी झालेली असते, पण प्रत्यक्षात ती अर्धी भरलेली असते. दुसऱ्या नळीत काडतूस आहे, तिचा घोडा चढलेला आहे, खटका पुढे आहे. याच अवस्थेत पक्षी उचलण्यासाठी वाकणे, होडीच्या काठावर बंदूक टेकविणे, सोबत्याकडे वळून आनंदाने काही बोलणे, ही सारी कृत्ये घडू शकतात. अनुभवी माणसाची ओळख येथे पटते. बार उडाला, की पक्षी पडला की नाही हे नंतर. आधी खटका मागे, मग बंदूक उघडी, मग बाकीचे सारे.

दोघे एका होडीत असतील, तर सावधगिरी दुप्पट हवी. होडीत चढताना व उतरताना दोन्ही बंदुका रिकाम्या व उघड्या असाव्यात. दोघांनी एकाच वेळी उठून बार करू नये, कारण होडी डोलली की नेम डोलतो. डावीकडचे आकाश एकाचे, उजवीकडचे दुसऱ्याचे, अशी वाटणी आधीच झालेली असावी आणि पक्षी कितीही मोहक असला तरी ती मोडू नये. भरलेली बंदूक ठेवून देऊन कुत्र्याला होडीत मोकळे सोडणे, याहून मोठी चूक नाही. त्याचा पंजा चापावर पडण्यास निमित्त लागत नाही. आणि पाण्याच्या पातळीवर बसलेल्या किंवा खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाकू नये. तिरप्या दिशेने आलेले छर्रे पाण्यावरून चपट्या दगडासारखे उसळतात आणि समोरच्या काठावर कोण आहे हे विचारीत नाहीत.

काडतुसांच्या बाबतीतही एक सूक्ष्म धोका आहे, तो अनेकांना ठाऊक नसतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या काडतुसाहून बारीक असते. चुकून ते बारा बोअरच्या बंदुकीत गेले, तर मागे न अडकता नळीत पुढे सरकते आणि मध्येच रुतून बसते. चाप ओढल्यावर बार होत नाही. शिकाऱ्यास वाटते, की आपण काडतूस घातलेच नाही. तो दुसरे, योग्य मापाचे, काडतूस भरतो आणि चाप ओढतो. परिणाम चिखलाने बुजलेल्या नळीहूनही भयंकर होतो. म्हणूनच दोन मापांची काडतुसे एका खिशात, एका पिशवीत, कधीच ठेवू नयेत. काडतूस योग्य मापाचे असूनही बार न झाल्यास, बंदूक निर्धोक दिशेकडे रोखून अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मगच ती उघडावी.

याला अलीकडे एक नवी बाब जोडली गेली आहे. पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेने १९९१ पासून सर्वत्र, तर इंग्लंडने १९९९ साली बंदी घातली. त्यांच्या जागी आलेले पोलादी छर्रे कठीण असतात आणि ते प्रत्येक जुन्या नळीला सोसतातच असे नाही. आजोबांच्या बंदुकीत नवे काडतूस घालण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून तिची तपासणी करून घेणे, हेच शहाणपणाचे.

इतके नियम सांगितल्यावर कोणी म्हणेल, की हे नवशिक्यांसाठी ठीक आहे. परंतु अपघात नवशिक्यांची निवड करतो, असे नाही. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी हे टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीस गेले होते. ते जन्मभराचे सराईत शिकारी. सायंकाळी उडालेल्या एका पक्ष्याचा माग घेत ते वळले आणि त्यांनी बार उडविला. त्या दिशेने त्यांचाच ७८ वर्षांचा वकील सोबती परत येत होता. छर्रे त्याच्या चेहऱ्यात, मानेत व छातीत शिरले. एक छर्रा हृदयाजवळ गेल्याने त्याला हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला. सुदैवाने तो वाचला. येथे बंदूक बिघडली नव्हती, काडतूस चुकीचे नव्हते, खटकाही निर्दोष होता. पक्ष्याबरोबर नळी वळली आणि नळीबरोबर विवेक वळला नाही, इतकेच घडले. पक्षी जेथे आहे तेथे नव्हे, तर पक्ष्याच्या मागे काय आहे तेथे आधी पाहावयाचे, हा धडा सराईत माणसालाही रोज नव्याने गिरवावा लागतो. पक्ष्यामागे स्वच्छ आकाश दिसत नसेल, तर बार सोडून द्यावा. सुटलेला पक्षी उद्या पुन्हा येतो.

मार्क ब्यूफॉय नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुलासाठी बंदुकीविषयी उपदेशपर कविता लिहिली. एके काळी संसदेचा सभासद असलेल्या या माणसाच्या त्या ओळी इंग्लंडमधील शिकारी घराण्यांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या गेल्या. हा उपदेश पुत्राला उद्देशून केलेला असावा, यात काही आश्चर्य नाही. बंदुकीची शिस्त पुस्तकातून कळते, पण अंगात मुरते ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून. जो बाप रिकाम्या बंदुकीचेही तोंड कोणाकडे वळवीत नाही, त्याच्या मुलाला निराळा धडा द्यावा लागत नाही. आणि जो थट्टेने का होईना, 'रिकामीच आहे' म्हणत ती कोणावर रोखतो, त्याने शंभर वेळा सांगितलेले सारे नियम त्या एका क्षणी पुसून टाकलेले असतात.

घरी परतल्यावरही काम संपत नाही. उंबरठा ओलांडण्यापूर्वी दोन्ही नळ्या पुन्हा एकदा पाहावयाच्या, खिसे तपासून उरलेली काडतुसे काढावयाची, बंदूक पुसून, तेल देऊन कुलपात ठेवावयाची, आणि काडतुसे तिच्याजवळ नव्हे, तर दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. भिंतीवर शोभेसाठी टांगलेली बंदूक पाहुण्यांना कौतुकाची वाटते, पण घरातल्या मुलाला ती खेळणे वाटते. आजोबांच्या निधनानंतर वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली, 'रिकामीच असेल' असे सर्वांनी गृहीत धरलेली बंदूक ही तर सर्वांत अधिक धोक्याची. तिला हात लावणाऱ्याने प्रथम ती उघडून पाहावी. उघडता येत नसेल, तर माहीतगारास बोलवावे, आणि परवान्याची रीतसर व्यवस्थाही त्याच वेळी लावावी.

भरतपूरच्या शिलांवर पक्ष्यांची मोजदाद आहे. ज्या दिवशी बंदुका उघड्या राहिल्या आणि गेलेली सारी माणसे दिवेलागणीला घरी परत आली, अशा असंख्य दिवसांची शिला मात्र कोणी उभारलेली नाही. तशी ती उभारली जाण्याचे कारणही नाही. दारात वाट पाहणाऱ्याला हाक ऐकू आली, एवढेच त्या दिवसांचे स्मारक पुरेसे असते.